मज्जा आटते तेव्हा

आपल्या भाषेत ‘मज्जा’ हा शब्द दोन घरी नांदतो. मुले सुट्टीत करतात ती मज्जा, आणि हाडांच्या पोकळीत असते ती मज्जा. पहिली बाहेरून आलेल्या ‘मजा’चे लाडके रूप, दुसरी अस्सल संस्कृत, सप्तधातूंमधली सहावी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सात वर्षांच्या मुलाच्या आईला मी समजावून सांगत होतो, “ताई, ह्याची मज्जा कमी झाली आहे.” खाटेवरून तो मुलगाच म्हणाला, “हो ना, शाळेतच पाठवत नाहीत.” आई हसली, आणि हसता हसता रडू लागली.

त्या मुलाची आठवण मी मुद्दाम सुरुवातीला काढली आहे. हा लेख ज्या आजाराबद्दल आहे, तो मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच्यात. पाहिला म्हणजे काय, पाहूनही ओळखला नाही. तो माझ्याकडे आठ महिने येत होता. फिका दिसे, लवकर दमे. मी त्याला लोहाचे टॉनिक दिले, जंताचे औषध दिले, खजूर आणि गूळ-शेंगदाणे खायला सांगितले. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा करंगळीएवढा बारीक होता आणि पाठीवर दुधाळ चहाच्या रंगाचे चार-पाच डाग होते. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. “जन्मापासून आहे” असे आई म्हणाली आणि मी तो विषय तेथेच सोडला. पुढे नाकातून रक्त येऊन थांबेना, तेव्हा रक्ताची पूर्ण तपासणी झाली. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट, तिन्ही पेशी घटलेल्या होत्या. मुंबईहून निदान आले तोवर उशीर झाला होता. त्याला भावंड नव्हते, आणि भावंड नसलेल्या मुलासाठी तेव्हा करण्यासारखे फार थोडे होते. नववे वर्ष त्याने पुरे केले नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात मटणाची नळी ओळखीची असेल. ताटावर ठोकून किंवा ओढून काढतात तो नळीतला मऊ ऐवज म्हणजेच मज्जा. मोठ्या माणसाच्या लांब हाडांत ती बहुतेक पिवळी, चरबीची असते. पण कंबरेची हाडे, मणके, छातीचे हाड आणि बरगड्या यांत ती लाल असते, आणि रक्त तयार होते ते तेथे. ही गोष्ट विज्ञानाला फार उशिरा कळली. क्योनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी ती १८६८ साली मांडली. आपल्या आयुर्वेदाने रक्ताचे मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितले आहे, म्हणून काही मंडळी नाक मुरडतात. पण आईच्या पोटातल्या बाळाचे रक्त काही महिने खरोखरच यकृतात, आणि थोडे प्लीहेतही, तयार होत असते. जन्म जवळ आला की हा कारखाना मज्जेत हलतो.

कारखाना म्हटले, पण त्याचा आवाका मनात येत नाही. निरोगी माणसाची मज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी मुख्य जात तर रक्तात येऊन एखाद्या दिवसात संपते. म्हणजे रक्त ही साठवून ठेवायची वस्तू नव्हे, रोज दळायचे पीठ आहे. जाते थांबले की डबा किती दिवस पुरणार? या दळणाच्या मुळाशी थोड्याशा मूलपेशी असतात. त्यांचे दोन गुण आहेत. एक मूलपेशी स्वतःसारखी दुसरी मूलपेशी निर्माण करू शकते, आणि तिच्यापासून रक्तातल्या सगळ्या जातींच्या पेशी घडू शकतात. टोरांटोचे टिल आणि मॅककुलक यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी उंदरांवरच्या प्रयोगांनी हे दाखवून दिले.

या मूलपेशी संपल्या किंवा निकामी झाल्या म्हणजे मज्जा आटते. विहीर आटावी तशी, एकदम नव्हे. आधी प्लेटलेट घटतात. अंगावर न लागता निळे डाग उठतात, दात घासताना रक्त येते. मग फिकेपणा, मग पुन्हा पुन्हा ताप. मुलांमध्ये याची कारणे दोन प्रकारची. बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशीच मज्जेवर उलटतात. हा मागाहून होणारा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही गुण देतात. दुसरा प्रकार जन्मजात. त्यात अनेक दुर्मीळ आजार येतात, आणि त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे फॅन्कोनी अ‍ॅनिमिया. ‘सर्वांत जास्त’ म्हणजे तरी साधारण लाख-सव्वा लाख जन्मांत एक.

गुइडो फॅन्कोनी हे झुरिकचे बालरोगतज्ज्ञ. १९२७ साली त्यांनी एका कुटुंबातल्या तीन सख्ख्या भावांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांनाही जीवघेणा रक्तक्षय आणि तिघांनाही जन्मजात शारीरिक व्यंगे. पुढे अशी मुले जगभर सापडत गेली आणि त्यांचे चित्र स्पष्ट झाले: उंची कमी, अंगठा लहान, जादा किंवा मुळीच नाही, त्वचेवर फिकट तपकिरी डाग, एखादे मूत्रपिंड जागेवर नाही, डोके व डोळे जरा लहान. पण वाचकहो, येथे एक खाच आहे. यातल्या सुमारे पाव ते तृतीयांश मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. अंगठा धडधाकट, उंची बरोबरीची, आणि तरीही मज्जा आटत चाललेली. म्हणून मज्जेचा ऱ्हास झालेल्या कोणत्याही मुलाची, अंगठा कसाही असो, एक विशिष्ट तपासणी व्हावीच लागते.

ती तपासणी कशी निघाली ते पाहण्यासारखे आहे. १९६४ साली जर्मनीत ट्राउटे श्रोडर यांना या मुलांच्या पेशींतली गुणसूत्रे आपोआप तुटलेली आढळली. १९७०च्या दशकात जपानमधील व अमेरिकेतील संशोधकांना दिसले की काही रसायने घातली तर ही तूटफूट कित्येक पटींनी वाढते. निरोगी माणसाच्या पेशी तीच मात्रा सहज पचवतात. न्यूयॉर्कच्या आर्लीन आउअरबाख यांनी त्यातून खात्रीची चाचणी बसवली. आजही निदान मूलतः असेच होते: मुलाचे थोडे रक्त घ्यायचे, पेशी वाढवायच्या, त्यांत मायटोमायसिन-सी किंवा तत्सम रसायन घालायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली गुणसूत्रे मोजायची. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे एनआयआयएचमध्ये, हे काम वर्षानुवर्षे चालले आहे. बडोदे, बेळगाव, पणजी कुठूनही नमुना तेथे जाऊ शकतो.

तुटते का? डीएनए म्हणजे दोन पदरांची, दातऱ्यात दात बसलेली चेन समजा. आपल्या पँटची किंवा दप्तराची असते तशी. पेशीचे दोन भाग व्हायचे तर ही चेन आधी पूर्ण उघडावी लागते. कधी कधी दोन्ही पदर एका ठिकाणी टाका पडल्यासारखे एकमेकांना घट्ट चिकटतात. निरोगी पेशीत वीसहून अधिक प्रथिनांची एक टोळी धावून येते, टाका कापते, फाटलेले रफू करते. फॅन्कोनीच्या मुलांत या टोळीतला एखादा कारागीर जन्मतःच गैरहजर असतो. चेन ओढली की फाटते. २००२ साली असे कळले की या टोळीतला एक कारागीर म्हणजे स्तनाच्या कर्करोगासंदर्भात ज्याचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते बीआरसीए-२ हेच जनुक. दोन टोकांचे वाटणारे दोन आजार एका घरचे निघाले.

आणि टाके घालते कोण? यावर केंब्रिजच्या के. जे. पटेल यांच्या प्रयोगशाळेने मोठा प्रकाश टाकला. आपल्या स्वतःच्या शरीरातच, रोजच्या चयापचयात, अल्डिहाइड नावाची द्रव्ये तयार होतात आणि तीच डीएनएला इजा करतात. दारू प्यायल्यावर यकृतात तयार होणारे द्रव्य याच जातीचे. बाहेरचे विष नाही, चुकीचे खाणेपिणे नाही, दृष्ट तर नाहीच. शरीर जगते म्हणूनच ही इजा होते, आणि मूलपेशींना आयुष्यभर जगायचे असल्याने त्यांच्यावर ती साचत जाते. म्हणून मूल जन्मतः धडधाकट असते आणि मज्जा आटते ती सर्वसाधारणपणे पाचव्या ते दहाव्या वर्षाच्या आसपास.

आता नाजूक भाग. हा आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो. प्रत्येकाकडे त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली. चांगल्या प्रतीवर त्यांचे काम चालते, त्यांना कसलाही त्रास नसतो. मुलाला दोन्हींकडून बिघडलेली प्रत आली तर आजार. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. (एका दुर्मीळ प्रकारात मात्र तो फक्त आईकडून मुलग्याकडे येतो.) मी हे लिहितो आहे याचे कारण, अशा घरांत पहिले बोट सुनेकडे जाते. “आमच्या घराण्यात असे कधी नव्हते” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर तोंडपाठ झाले आहे: होते, दोन्ही घराण्यांत होते, तुमच्या घराण्याला जोडीदार भेटला नव्हता एवढेच.

जवळच्या नात्यात लग्न झाले तर असा जोडीदार भेटण्याची शक्यता वाढते, कारण दोघांच्या आजोबा-आजींपैकी एकाकडचीच बिघडलेली प्रत दोन वाटांनी खाली येऊ शकते. आपल्यात मामेबहिणीशी लग्न ही जुनी रीत आहे. बेळगाव, हैदराबादकडे काही घरांत मामा-भाचीचाही संबंध होतो. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या शेजाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. पण नात्यात लग्न न करणाऱ्यांनी निश्चिंत व्हावे असेही नाही. दूर मुलखात येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली मंडळी मोजकी. सोयरिकी त्याच पंचवीस-तीस घरांत. कागदावर परके असलेले दोघे पाच पिढ्यांमागे एकच असू शकतात. एनआयआयएच आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून २०२० साली दाखवले की भारतातल्या फॅन्कोनी मुलांमध्ये ‘एफएएनसीएल’ या एका जनुकातला ठरावीक बदल बऱ्याच प्रमाणात दिसतो, आणि तो दक्षिण आशियातल्या एका समाईक पूर्वजाकडून आलेला आहे. जगात इतरत्र हा उपप्रकार विरळा. म्हणजे हे कोणा एका जातीचे वा घराण्याचे लांछन नाही. फार जुना, सामाईक वारसा आहे.

उपाय एकच, जो मुळाशी जातो: दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी देणे. १९५७ साली अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी माणसांवर मज्जारोपणाचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. बहुतेक रुग्ण दगावले. पेशींचा मेळ जुळवायचा कसा हे तोवर माहीतच नव्हते. १९५८मध्ये पॅरिसला झाँ दोसे यांनी एचएलए नावाच्या खुणांचा पहिला धागा पकडला. प्रत्येक पेशीच्या अंगावर असलेले हे जणू कुळाचे निशाण. मुलाला अर्धी निशाणे आईकडून आणि अर्धी वडिलांकडून मिळतात, म्हणून दोन सख्ख्या भावंडांची निशाणे तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. १९६८ साली मिनियापोलिसला रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवले. भारतात १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी आणि १९८६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅमेन चांडी यांनी या कामाचा पाया घातला. थॉमस यांना १९९०चे नोबेल मिळाले.

फॅन्कोनीच्या मुलांची कथा मात्र निराळी झाली, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत शिकवणारी वाटते. दुसऱ्याची मज्जा रुजावी म्हणून आधी जागा करावी लागते. त्यासाठी तीव्र औषध देतात: सायक्लोफॉस्फामाइड. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात त्याची नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला २०० मिलिग्रॅम. तीच मात्रा सुरुवातीला फॅन्कोनीच्या मुलांना दिली गेली. तोंडापासून आतड्यापर्यंत अस्तर सोलले गेले, लघवीवाटे रक्त गेले, हृदये निकामी झाली. आजाराने नव्हे, तर उपचाराने मुले गेली. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या एलियान ग्लुकमन यांनी थांबून विचार केला. हे औषध काम करते ते डीएनएचे पदर एकमेकांना चिकटवूनच; आणि नेमके तेच टाके ही मुले उसवू शकत नाहीत. चाचणीच्या काचपट्टीवर जे रसायन थोड्याशा मात्रेत गुणसूत्रे फोडते, त्याचेच भावंड आपण घागरीने ओतत होतो! ग्लुकमन यांनी मात्रा दहाव्या हिश्श्यावर आणली, २० मिलिग्रॅमवर, सोबत थोडे किरण. मुले जगू लागली. पुढे फ्लुडाराबिन नावाचे, अशी इजा न करणारे औषध जोडीला आले आणि पुष्कळ ठिकाणी किरणही वगळता आले. आज जुळणारे भावंड मिळाले आणि वेळेवर रोपण झाले, तर अनुभवी केंद्रांत दहापैकी आठ-नऊ मुले तरतात.

म्हणूनच रोपणाच्या आधी ती गुणसूत्रांची चाचणी झालीच पाहिजे. नेहमीचा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया समजून नेहमीची मात्रा दिली गेली, तर त्या चुकीला परतीची वाट नसते. आपल्या नात्यागोत्यात कोणावर ही वेळ आली तर तज्ज्ञांना एवढे विचारायला संकोचू नका: “फॅन्कोनीची तपासणी झाली का?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

ग्लुकमन यांचे आणखी एक काम आपल्या कानावर वेगळ्या रूपात आलेले आहे. १९८८च्या ऑक्टोबरात त्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाहून आलेल्या पाच वर्षांच्या एका फॅन्कोनी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले. बहीण पोटात असतानाच ती निरोगी आहे आणि निशाणे जुळतात हे तपासलेले होते. नाळेचे रक्त इंडियाना येथे हॅल ब्रॉक्समायर यांनी गोठवून जपले आणि ते विमानाने पॅरिसला गेले. जगातले हे पहिले नाळरक्ताचे रोपण. तो मुलगा बरा झाला, मोठा झाला, त्याने तिशी ओलांडली. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि माणसाची नाळ कुठे पुरली यावर त्याचे गाव ठरवतात. त्या नाळेत इतके सामर्थ्य होते हे कोणाला ठाऊक!

पण या गोष्टीचा आजकाल भलताच बाजार झाला आहे. प्रसूतिगृहात पत्रके वाटली जातात: बाळाचे नाळरक्त साठवा, त्याच्या आयुष्याचा विमा उतरवा. लक्षात घ्या, जन्मजात आजार असलेल्या बाळाच्या नाळेत तोच बिघाड असतो. पॅरिसच्या मुलाला स्वतःची नाळ उपयोगी पडली नाही, बहिणीची पडली. घरात आधीचे एखादे मूल अशा आजाराचे असेल, तर पुढच्या बाळाचे नाळरक्त जपणे योग्यच. एरवी असा खासगी साठा करू नये असेच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि आयसीएमआरने सांगितले आहे. तसेच गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ टोचणारे दवाखाने निघाले आहेत. त्यांचा आणि या लेखातल्या रोपणाचा शब्दापुरताच संबंध.

रोपण हा शब्द ऐकून लोकांना शस्त्रक्रिया वाटते. प्रत्यक्षात मुलाच्या बाजूने पाहिले तर ते रक्त चढवण्यासारखे दिसते. एका पिशवीतून लालसर द्रव नळीने शिरेत जातो, दोन-चार तासांत संपतो. कित्येक आया विचारतात, “झाले एवढेच?” झालेले नसते, ते सुरू झालेले असते. त्या मूलपेशी रक्तातून फिरत आपली वाट शोधत हाडांत जातात आणि तेथे ठाण मांडतात. हे सारे त्यांना कोणी दाखवून देत नाही. नवे पीक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर मुलाजवळ जुने काही उरलेले नसते आणि नवे आलेले नसते. गाळलेल्या हवेची खोली, उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, आई किंवा वडील एकच जण आत, तोंडाला मास्क. प्रत्येक सकाळी रक्ताची मोजणी. शून्य, शून्य, शून्य, आणि मग एके दिवशी फळ्यावर १००, दुसऱ्या दिवशी ३००. परिचारिका तो आकडा मोठ्याने सांगतात. रक्तगट वेगळा असलेल्या दात्याची मज्जा रुजली तर काही महिन्यांनी मुलाचा रक्तगटच बदलतो. एका आजीने मला विचारले होते, “मग आता पत्रिकाही बदलायची का?”

मुख्य भीती दोन. पाहुण्या मज्जेला शरीराने नाकारणे, आणि उलट पाहुणीनेच घरावर उठणे. दुसऱ्या प्रकारात नव्या संरक्षक पेशी मुलाची त्वचा, आतडी, यकृत यांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. ते टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे महिनोन्‌महिने चालतात. म्हणूनच या मुलांसाठी, जमत असेल तर, रक्तातून गाळलेल्या पेशींपेक्षा थेट हाडातली मज्जा पसंत करतात. तिच्यात हा धोका कमी.

दात्याचे काय? त्याला भूल देऊन कंबरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. कापाकापी नाही, चार-सहा दिवस कंबर दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. मूत्रपिंड दिल्यासारखे हे नाही, काही कायमचे जात नाही. तरीही दाता पाच वर्षांचे भावंड असेल, तर त्याला सुया टोचायच्या कोणाच्या हक्काने, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. २००० साली अमेरिकेत एक बाळ जन्मले. प्रयोगशाळेत गर्भ निवडून, फॅन्कोनी असलेल्या बहिणीला जुळेल असे. त्याच्या नाळरक्ताने मिनेसोटात ती वाचली. आपल्याकडे अहमदाबादच्या एका कुटुंबात थॅलेसेमियासाठी असे झाले. यावर कडाडून टीका झाली. आया-बापांना जवळून पाहिलेला मी माणूस, मला टीका जमत नाही. पण त्या धाकट्याला पुढे सगळे नीट सांगितले पाहिजे आणि रुग्ण वाचला नाही तर त्याच्यावर अपयशाचे ओझे येता कामा नये, याची काळजी फार थोडी घरे घेतात हेही पाहिले आहे.

एक गोष्ट नातेवाइकांसाठी. मुलाला रक्त लागणार कळले की काका, मामा, मोठा भाऊ रांगेत उभे राहतात. प्रेमाने उभे राहतात. पण जे पुढे मज्जा देऊ शकतील त्यांचे रक्त आधी मुलाला चढू नये. त्याचे शरीर त्या निशाणांविरुद्ध सावध होते आणि पुढे तीच मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. रक्त रक्तपेढीतलेच, पांढऱ्या पेशी गाळलेले आणि किरण दिलेले असावे, आणि जितके कमी चढेल तितके बरे. तुम्हाला रक्त द्यायचेच आहे ना? पेढीत द्या, दुसऱ्या कोणाच्या मुलासाठी. अठरा ते पन्नासच्या दरम्यान असाल तर ‘दात्री’सारख्या मज्जादात्यांच्या नोंदवहीत नावही घाला, गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक नावे आहेत, पण भारतीयांची संख्या त्यात फारच थोडी, आणि आपली निशाणे जुळण्याचा संभव आपल्याच लोकांत अधिक.

नऊ-दहा वर्षांपूर्वी सीमाभागातले एक जोडपे माझ्याकडे आले. दोघे मामे-आते भावंडे. नऊ वर्षांची मुलगी, प्लेटलेट अठरा हजार. तिची उंची वर्गात सर्वांत कमी होती. अंगठे ठीक होते. या वेळी मी वाट पाहिली नाही. चाचणी फॅन्कोनीची निघाली. अकरा वर्षांच्या भावाची निशाणे तिच्याशी तंतोतंत जुळली आणि घरात पेढे वाटले गेले. पण दाता ठरवण्याआधी भावंडाचीही गुणसूत्रे तपासावीच लागतात. त्याचीही तुटलेली निघाली. तो शाळेच्या कबड्डीच्या संघात होता. आजपर्यंत साधे आजारपणही नव्हते. त्या दिवशी एका घरात दोन रुग्ण झाले. वडील मला एवढेच म्हणाले, “डॉक्टर, पेढे वाटायला नको होते.”

मुलीला शेवटी वडिलांची मज्जा दिली, अर्धी निशाणे जुळणारी. पूर्वी हे अशक्य मानत. ब्राझीलमधल्या कुरितिबा येथील डॉक्टरांनी आणि इतरांनी, रोपणानंतर तेच सायक्लोफॉस्फामाइड अगदी जपून, अल्प मात्रेत देऊन, फॅन्कोनीच्या मुलांतही हे जमते असे दाखवले आहे. खर्चाचा भाग थोडा मुख्यमंत्री निधीतून, थोडा न्यासांकडून, बाकी शेत विकून. तीन महिने ते कुटुंब रुग्णालयाजवळच्या खोलीत राहिले. तिसऱ्या आठवड्यात आकडे वर आले.

रोपणाने मज्जा बदलते. बाकीचे शरीर मात्र तेच राहते, टाके न उसवणारे. त्यामुळे या मुलांना मोठेपणी कर्करोगाचा धोका, विशेषतः तोंड व घसा आणि स्त्रियांत जननमार्ग यांच्या कर्करोगाचा, इतरांच्या कित्येक शेकडो पटींनी अधिक, आणि तोही ऐन विशी-तिशीत. ज्या घरात सकाळी मिश्री लावतात, ओसरीवर तंबाखू मळतात, तेथे हे सांगणे किती अवघड! मी त्या वडिलांना सांगितले. त्यांनी घरातला चंची-डबा विहिरीत टाकला. आजीने वर्षभर बोलणे टाकले. तंबाखू नाही, दारू नाही, एचपीव्हीची लस वेळेवर, विनाकारण एक्स-रे किंवा सीटी स्कॅन नाही, आणि दर सहा महिन्यांनी दंतवैद्याने आरशाने तोंड पाहायचे. स्पेनमधल्या संशोधकांनी काही मुलांच्या स्वतःच्याच मूलपेशी काढून, त्यांत दुरुस्त जनुक घालून परत दिल्या आहेत आणि त्या हळूहळू रुजत असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. तीव्र औषधे न देता रक्त सुधारण्याची ती वाट आहे. तोंडाचा धोका तिनेही टळत नाही.

मुलगी आता महाविद्यालयात आहे. तिचा रक्तगट वडिलांचा झाला आहे आणि फॉर्मवर जुना गट कोणी लिहिला की ती तो खोडते. भावाचे रोपण अजून केलेले नाही. त्याच्या प्लेटलेट पंच्याऐंशी-नव्वद हजारांवर रेंगाळल्या आहेत. मज्जा तग धरून असताना रोपणाचा धोका पत्करायचा की ती आणखी आटण्याची वाट पाहायची, हा हिशोब दर तीन महिन्यांनी नव्याने मांडावा लागतो. गेल्या दिवाळीत तो फराळाचा डबा घेऊन आला होता. डबा ठेवला, शर्टाच्या खिशातून तपासणीचा कागद काढला आणि म्हणाला, “आधी हे बघा, मग चकली खा.” आकडा ब्याऐंशी हजार होता. मागच्या वेळी शहाऐंशी.